खुर्चीचे सांधे

दापोडीच्या रेल्वे स्टेशनाकडून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याकडे येताना दुरुस्तीची लहान लहान दुकाने लागतात. त्यांतल्या एका मिस्त्रींकडे गेल्या उन्हाळ्यात आम्ही तीन मोडक्या खुर्च्या घेऊन गेलो. पहिली होती इराण्याच्या हॉटेलात असते तशी, गोल पाठीची लाकडी खुर्ची. एक जुने हॉटेल बंद झाले तेव्हा आमच्या वडिलांनी ती विकत घेतली होती. दुसरी लोखंडी नळीची, शाळेत किंवा कचेरीत असते तशी. तिसरी पांढऱ्या प्लॅस्टिकची. चार वर्षे ती गच्चीवर उन्हात पडून होती आणि एक दिवस आमचे एक स्नेही तिच्यावर बसलेले असतानाच तिचा मागचा पाय तडकला.

मिस्त्रींनी पहिली खुर्ची उलटी केली, स्क्रू तपासले आणि म्हणाले, ‘‘परवा घेऊन जा.’’ दुसरीच्या पायाजवळ वेल्डिंग सुटले होते. ‘‘ही संध्याकाळी मिळेल.’’ तिसरी मात्र त्यांनी हातातही घेतली नाही. ‘‘ही भंगारात द्या, साहेब. हिला सांधाच नाही, मग दुरुस्त काय करायचं?’’

हे उत्तर ऐकून आम्ही चकित झालो. खुर्ची मोडते ती सांध्यातच, हे आपल्या सगळ्यांच्या अनुभवाचे. मग जिला सांधाच नाही ती खुर्ची सर्वांत टिकाऊ असायला हवी! प्रत्यक्षात तीच सर्वांत आधी भंगारात निघाली. हे कोडे सोडवायला लागलो आणि लक्षात आले की, गेल्या पावणेदोनशे वर्षांतला आधुनिक फर्निचरचा बराचसा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो : खुर्चीतले सांधे कमी कसे करायचे? तो इतिहास आपण त्या तीन खुर्च्यांच्या मदतीने पाहू.

सांधा ढिला का होतो?

आपल्याकडे घरोघरी बसायला पाट, चौरंग, सतरंजी, फार तर बाज किंवा झोपाळा असे. खुर्चीचा प्रसार झाला तो युरोपीय लोकांबरोबर. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे कारागीर शिसवी लाकडाचे, भरगच्च कोरीव कामाचे फर्निचर बनवीत. ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ या नावाने ते ओळखले जाई. त्या खुर्च्यांत कोरीव काम कितीही असले तरी त्यांची रचना नेहमीचीच होती. चार पाय, पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, पाठ, हात, आणि हे सारे जोडणारे सांधे. एका लाकडाला पटाशीने चौकोनी भोक पाडायचे, दुसऱ्याच्या टोकाला त्यात घट्ट बसेल असे कुसू काढायचे, सरस लावायचा आणि ठोकून बसवायचे. साध्या खुर्चीतही असे डझनभर सांधे सहज होतात.

या सांध्यांवर किती जोर येतो ते पाहा. खुर्चीत बसलेला माणूस मागे रेलतो. समजा, बैठकीच्या वर ४० सेंटिमीटरवर तो पाठीला २० किलो वजनाइतका जोर लावतो. पाठ ही येथे तरफेसारखी काम करते. तरफेचा लांब भाग ४० सेंटिमीटरचा. बैठकीची आडवी पट्टी जेथे मागच्या पायात शिरते तेथे तिची उंची असते जेमतेम ५ सेंटिमीटर. म्हणजे तरफेचा आखूड भाग ५ सेंटिमीटरचा. ४० भागिले ५ म्हणजे आठ. याचा अर्थ, सांध्यापाशी २० किलोचे झाले १६० किलो! डाव्या-उजव्या सांध्यांत वाटून घेतले तरी प्रत्येकी ८० किलो. माणूस पुन्हा सरळ बसला की हा जोर नाहीसा होतो, पुन्हा रेलला की परत येतो. असे दिवसातून शंभर वेळा.

त्यात भर पडते हवामानाची. लाकूड हवेतला ओलावा शोषते आणि फुगते, कोरड्या हवेत आकसते. पण ते सर्व दिशांना सारखे फुगत नाही. धाग्याच्या दिशेने त्याच्या लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही, आडव्या दिशेने मात्र डोळ्यांना दिसेल इतका पडतो. पावसाळ्यात आपल्या घराची दारे अडकतात ती यामुळेच. सांध्यात एका लाकडाचे धागे उभे आणि दुसऱ्याचे आडवे असतात. त्यामुळे दोन्ही लाकडे वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. पावसाळ्यात कुसू भोकात चेपले जाते, वैशाखात आकसून सैल पडते, आणि दरम्यान सरसाचा थर फुटतो. खुर्ची डुगडुगू लागते.

सांधे कमी केले तर डुगडुगही कमी होईल आणि बनवायचा वेळही वाचेल, हे कोणत्याही सुताराला समजते. पण लाकूड सरळ वाढते आणि खुर्चीला तर कोपरे आणि वळणे हवीत. सांधा न घालता लाकूड वळवायचे कसे?

वाफेवर मऊ झालेले लाकूड

याचे उत्तर शोधणारा माणूस होता मिखाएल थोनेट. त्याचा जन्म १७९६ साली जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठच्या बोपार्ड गावी झाला. तो सुतारकाम करी. प्रथम त्याने लाकडाचे पातळ थर सरसात भिजवून साच्यात वाकवून पाहिले. अशा खुर्च्या डौलदार होत, पण थरांमधला सरस ओलावा लागला की सुटे. पुढे १८४२ साली तो व्हिएन्नाला गेला आणि भरीव लाकूडच वाकवण्याच्या मागे लागला.

लाकूड म्हणजे सेल्युलोजचे लांब धागे आणि त्यांना एकत्र धरणारे लिग्निन. थंड, कोरड्या लाकडात लिग्निन कडक असते. लाकूड वाफेत ठेवले, म्हणजे ओलावा आणि सुमारे १०० अंश सेल्सियसची उष्णता एकदम दिली, की ते मऊ पडते. धागे एकमेकांवरून थोडे सरकू शकतात. थंड झाले की लिग्निन पुन्हा कडक होते आणि लाकूड नव्या आकारात राहते. बोटी बांधणाऱ्यांना आणि पिंपे करणाऱ्यांना हे आधीपासून माहीत होते.

अडचण वेगळीच होती. खोडरबर घ्या. त्याच्या बाजूवर पेनने समान अंतरावर उभ्या रेघा मारा आणि तो वाकवा. बाहेरच्या अंगाला रेघा एकमेकींपासून दूर जातात, आतल्या अंगाला जवळ येतात. म्हणजे बाहेरचे अंग ताणले जाते, आतले दाबले जाते. आता समजा, ३ सेंटिमीटर जाडीची काठी आपल्याला अशी वाकवायची आहे की, आतल्या कडेची त्रिज्या २० सेंटिमीटर आणि बाहेरच्या कडेची २३ सेंटिमीटर होईल. काठीच्या मधल्या रेषेची लांबी बदलत नाही असे धरले, तर बाहेरचे अंग सुमारे ७ टक्के ताणावे लागेल. पण वाफवलेले लाकूडही जेमतेम १ ते २ टक्केच ताणले जाते. पुढे ते चिरफाळते. उलट दाबले तर तेच लाकूड २५ टक्क्यांहूनही अधिक आखूड होऊ शकते. लाकडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही.

थोनेटची युक्ती येथे आहे. त्याने काठीच्या बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी लावली आणि तिची दोन्ही टोके काठीच्या टोकांना घट्ट अडकवली. पोलादी पट्टी लांब होत नाही, म्हणून तिला चिकटून असलेले लाकडाचे बाहेरचे अंगही लांब होऊ शकत नाही. आता वाकवताना सगळा बदल आतल्या बाजूला होतो. आतले अंग २३ वरून २० च्या प्रमाणात, म्हणजे सुमारे १३ टक्के आखूड व्हावे लागते, आणि तेवढे होणे लाकडाला सहज जमते. साऱ्या काठीत कोठेही ताण राहत नाही, आहे तो फक्त दाब. एका साध्या पट्टीने अशक्य गोष्ट शक्य केली.

भरीव लाकूड वाकवण्याच्या या पद्धतीचे एकस्व थोनेटला १८५६ साली मिळाले. तत्पूर्वीपासूनच तो मोराव्हियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, बीच वृक्षांच्या जंगलांकडे वळला होता. कोरिचानी या गावी त्याने कारखाना घातला. १८५९ साली त्याची चौदा क्रमांकाची खुर्ची आली. तिच्यात वाकवलेल्या लाकडाचे फक्त सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट होते. मागचे दोन्ही पाय आणि पाठीची कमान हा सगळा मिळून एकच अखंड तुकडा! वर आपण जो जोराचा हिशेब केला तो आठवा. जेथे मागचा पाय संपून पाठ सुरू होते तेथे आता सांधा नाहीच. बैठकीपाशी उरलेला सांधा सरसाचा नाही, स्क्रूचा. तो सैल झाला तर पुन्हा आवळता येतो.

आणखी एक फायदा झाला. ३६ खुर्च्यांचे सुटे भाग एक घनमीटरच्या पेटीत मावत. पेटी बोटीने कोठेही पाठवायची आणि तेथे पोचल्यावर खुर्च्या जोडायच्या. १९३० सालापर्यंत या एका नमुन्याच्या सुमारे पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्या असे मानतात. १८६९ मध्ये थोनेटचे एकस्व संपले आणि मध्य युरोपातल्या इतर कारखान्यांनीही तशाच खुर्च्या काढायला सुरुवात केली. त्याच जातीच्या खुर्च्या मुंबई-पुण्याच्या इराण्यांकडे आल्या. मुंबईचे कयानी १९०४ चे, ब्रिटानिया १९२३ चे, पुण्याचे गुडलक १९३५ चे. संगमरवरी माथ्याचे टेबल आणि वाकवलेल्या लाकडाची खुर्ची ही इराणी हॉटेलाची खूणच ठरली. दिवसभर गिऱ्हाइकांची उठबस होणाऱ्या जागी त्या पन्नास-पन्नास वर्षे टिकल्या. आमची खुर्ची त्यांतलीच एक. मिस्त्रींनी तिचे दोन स्क्रू बदलले, बैठकीचे फुटलेले प्लायवूड कापून नवे बसवले आणि ती पुन्हा उभी राहिली.

सायकलच्या हँडलवरून

आमची दुसरी खुर्ची नळीची. तिची कथा जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेपासून सुरू होते. तेथे शिकलेला आणि मग तेथेच शिकवू लागलेला मार्सेल ब्रॉयर हा हंगेरीचा तरुण १९२५ मध्ये सायकल चालवत असे. सायकलचे हँडल म्हणजे वाकवलेली पोलादी नळी. नळी अशी वाकते, माणसाचे वजन पेलते आणि तरी हलकी असते, तर तिची खुर्ची का करू नये, असे त्याला वाटले. बिनजोड पोलादी नळ्या बनवण्याची मानेसमान बंधूंची पद्धत १८८५ पासून उपलब्ध होतीच.

पण नळीच का? तेवढ्याच पोलादाची भरीव सळई का नको? हिशेब करून पाहू. बाहेरचा व्यास २५ मिलिमीटर आणि आतला २२ मिलिमीटर असलेली एक मीटर नळी सुमारे ८७० ग्रॅम भरते. बांधकामावर वापरतात ती १२ मिलिमीटरची सळईही जवळजवळ तेवढीच भरते. पण वाकण्याला विरोध करण्यात नळी सळईच्या सुमारे साडेसातपट ताठ असते. कारण असे : वाकवताना मध्यरेषेजवळच्या पोलादाला फारसे काम नसते, ताण आणि दाब सोसावा लागतो तो कडेच्या पोलादाला. मधले निकामी पोलाद काढून कडेला नेले की नळी होते. बांबू, पक्ष्यांची हाडे आणि गव्हाचा दांडा पोकळ असतात त्याचे कारणही हेच.

वर्गात हे दाखवणे अगदी सोपे आहे. पुस्तकांचे दोन ढीग थोड्या अंतरावर ठेवा आणि वर कागद आडवा टाका. तो स्वतःच्याच वजनाने खाली वाकतो. त्याच कागदाची गुंडाळी करून ठेवा. आता तिच्यावर पेन्सिली ठेवता येतील. कागद तोच, वजन तेच, बदलला तो फक्त आकार.

नळी वाकवताना ती चेपू नये म्हणून कारागीर तिच्यात कोरडी वाळू ठासून भरतात आणि टोके बंद करतात. अशा तऱ्हेने एकाच लांब नळीला वळणे देत पाय, बैठक आणि हात एका सलग रेषेत आणता आले. हॉलंडचा मार्ट श्टाम याने १९२६ मध्ये गॅसच्या नळ्या आणि जोडतुकडे वापरून मागचे पायच नसलेली खुर्ची बनवली. १९२७ मध्ये श्टुटगार्टच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. पुढच्या दोन पायांवरून निघून अधांतरी राहिलेली बैठक माणूस बसला की किंचित लवते आणि उठला की परत वर येते. पोलादाची स्थितिस्थापकता येथे गादीचे काम करते. नवलाची गोष्ट म्हणजे, पुढे अशा नळीच्या खुर्च्या तयार करणाऱ्या कंपन्यांत थोनेट कंपनीही होती. लाकूड वाकवणाऱ्यांनी पोलाद वाकवायला घेतले.

आपल्याकडे पोलादी फर्निचरचे नाव निघाले की गोदरेजची आठवण होते. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलुपांचा कारखाना काढला, मग तिजोऱ्या बनवल्या आणि १९२३ पासून त्यांच्या कंपनीने पोलादी कपाटे बनवायला घेतली. कपाटाचा पत्रा पातळच असतो. नुसता सपाट पत्रा हलवला तर तो लटपटतो. पण कडा आतल्या बाजूला दुमडल्या की तोच पत्रा ताठ उभा राहतो. नळीत जे तत्त्व आहे तेच येथेही आहे. धातूचे प्रमाण न वाढवता, धातू योग्य जागी नेऊन ताठपणा मिळवायचा. वाळवी लागत नाही, पावसाळ्यात फुगत नाही, चोराला सहज फुटत नाही, म्हणून ‘गोदरेजचे कपाट’ घराघरांत पोचले. नळीच्या खुर्च्या आणि बाके शाळा-कचेऱ्यांत गेली. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात नळी वाकवणे, वेल्डिंग आणि रंगकाम करणारे छोटे कारखाने आज गल्लोगल्ली दिसतात.

या खुर्चीत सांधे आहेत, पण थोडे, आणि ते वेल्डिंगचे. वेल्डिंग सुटले तर पुन्हा करता येते. म्हणूनच मिस्त्रींनी तिला संध्याकाळचा वायदा दिला.

एका साच्यातली खुर्ची

एव्हाना दिशा तुमच्या लक्षात आली असेल. डझनभर सांधे, मग सहा भाग, मग एक-दोन नळ्या. शेवटची पायरी उघड होती : संपूर्ण खुर्चीच एका तुकड्याची. लाकडात आणि पोलादात ते जमणे कठीण होते, कारण दोन्ही पदार्थ आपण कापतो, वाकवतो, जोडतो. त्यासाठी ओतता येणारा पदार्थ हवा होता.

१९५४ साली इटलीत ज्युलिओ नाट्टा यांनी नियमित रचनेचे पॉलिप्रॉपिलिन तयार केले. प्रॉपिलिनचे हजारो लहान रेणू साखळीसारखे जोडून हा बहुवारिक बनतो. तो स्वस्त, हलका आणि चिवट असतो. तापवला की वितळतो, थंड झाला की पुन्हा घट्ट होतो. १९६३ मध्ये इंग्लंडच्या रॉबिन डे यांनी त्याची बैठक आणि पाठ एकाच साच्यात काढली, पाय मात्र पोलादी नळीचेच ठेवले. डेन्मार्कच्या व्हेर्नर पान्टन यांची संपूर्ण एकसंध प्लॅस्टिकची खुर्ची १९६७ पासून तयार होऊ लागली, पण ती महाग होती. स्वस्त खुर्ची आली १९७२ साली. फ्रान्सच्या आन्री मासोने यांनी पाय, हात, बैठक आणि पाठ यांसह अख्खी खुर्ची दोन मिनिटांपेक्षा कमी वेळात साच्यातून बाहेर काढली. आज जगभर दिसणाऱ्या पांढऱ्या खुर्चीची ती पूर्वज.

ही पद्धत अशी. पॉलिप्रॉपिलिनचे दाणे २०० अंशांहून अधिक तापवून वितळवतात. तो रस मोठ्या दाबाने पोलादी साच्यात घुसवतात. साचा पाण्याने थंड केलेला असतो. रस गोठला की साचा उघडतो आणि खुर्ची बाहेर येते. पुढच्या वेळी अशी खुर्ची उलटी करून बघा. पाय भरीव नसतात, पन्हळीसारखे वळवलेले असतात. बैठकीच्या खाली उभ्या फासळ्या असतात. प्लॅस्टिक पोलादापेक्षा कितीतरी पटींनी लवचीक, म्हणून त्याला आकारातून ताठ करावे लागते. पुन्हा तेच, नळीचे तत्त्व.

आपल्याकडे या खुर्च्यांची लाट आली ती १९९० च्या दशकात. कच्चा माल देशातच मोठ्या प्रमाणात बनू लागला आणि मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या नीलकमल, सुप्रीम यांसारख्या कंपन्यांनी खुर्च्या गावोगाव पोचवल्या. या खुर्चीला नावे ठेवण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्या भाषेत ‘खुर्ची’ या शब्दाचा अर्थच मुळी अधिकार असा आहे. साहेब खुर्चीवर आणि बाकीचे उभे किंवा जमिनीवर, अशी ती व्यवस्था होती. ग्रामसभेला, लग्नाच्या मांडवात, चहाच्या टपरीवर सर्वांना सारखी खुर्ची मिळू लागली ती या स्वस्त प्लॅस्टिकमुळे. हे काम शिसवीच्या कोरीव खुर्चीला कधीच जमले नसते.

मिस्त्रींचे म्हणणे

मग ती मोडली का, आणि दुरुस्त का होईना?

पॉलिप्रॉपिलिनच्या साखळीत दर दुसऱ्या कार्बन अणूला एक फांदी असते. या जागेवरचा हायड्रोजन सहज सुटतो. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन तेथे हल्ला करतात आणि साखळी तुटते. तुटलेले टोक पुढच्या साखळीवर हल्ला करते. हळूहळू लांब साखळ्यांचे लहान तुकडे होतात. लांब साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, म्हणून प्लॅस्टिक चिवट असते. तुकडे झाले की गुंता सुटतो. पृष्ठभागावर खडूसारखी पांढरी भुकटी येते, मग बारीक भेगा पडतात, आणि एक दिवस पाय तडकतो. हे टाळण्यासाठी कारखान्यात संरक्षक रसायने मिसळतात, पण ती कायम टिकत नाहीत आणि स्वस्त मालात ती बेताचीच असतात.

तडकलेला पाय चिकटवावा म्हटले तर गोंद धरत नाही. गोंद चिकटायला त्याने पृष्ठभागावर पसरावे लागते. पॉलिप्रॉपिलिन मेणासारखे असते, त्यावर गोंद पसरतच नाही. तापलेल्या सळईने भेग वितळवून जोडता येते, भोके पाडून तारेने शिवताही येते, आणि असे टाके घातलेल्या खुर्च्या आपण पाहतोही. पण भेगेच्या आजूबाजूचे प्लॅस्टिक आधीच उन्हाने खाल्लेले असते. टाक्याशेजारी नवी भेग पडते. नवा पाय लावावा म्हटले तर तो सुटा मिळत नाही, कारण तो वेगळा भाग कधी नव्हताच.

म्हणजे मिस्त्रींचे म्हणणे अगदी शास्त्रशुद्ध होते. सांधा ही खुर्चीतली दुबळी जागा खरीच, पण खुर्ची जेथून उघडता येते अशी जागाही तीच. सांधा काढला तेव्हा दुबळेपणाबरोबर दुरुस्तीची वाटही गेली. एकसंध खुर्चीचा एक भाग निकामी झाला की सगळी खुर्ची निकामी होते. ती वितळवून प्लॅस्टिक पुन्हा वापरता येते हे खरे, पण ते काम भंगाराच्या वजनकाट्यावर सुरू होते, मिस्त्रींच्या हातात नाही. आणि दर वेळी वितळवताना साखळ्या आणखी थोड्या तुटतातच.

दापोडीची बस

दुकानातून निघालो तेव्हा मिस्त्री हसून म्हणाले, ‘‘आमच्या दापोडीला सांध्याचं काम शिकायचं तर एस.टी.त बघा.’’ खरेच आहे. दापोडीला एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. येथे बसगाड्यांचे सांगाडे बांधले जातात, जुन्या गाड्यांची डागडुजी होते. बसचे आसन हीसुद्धा एक खुर्चीच, तीही अतिशय कठीण परीक्षेला बसलेली. खड्ड्यांचे हादरे, दिवसभर बदलणारे प्रवासी, धूळ, पाऊस.

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) अशी राज्य परिवहनाची पहिली बस धावली. त्या वेळच्या बेडफर्ड गाड्यांचे सांगाडे लाकडी होते आणि आसनांत काथ्या भरलेला असे. पुढे लाकडाच्या जागी धातू आला, काथ्याच्या जागी फोम. पण आसनाची मूळ कल्पना बदलली नाही. नळीचा सांगाडा बोल्टने तळाला आवळलेला, त्यावर वेगळी गादी, गादीवर वेगळे आवरण. रेक्झिन फाटले तर आवरण बदला, फोम दबला तर गादी बदला, नळी तुटली तर वेल्डिंग करा, सगळेच खराब झाले तर चार बोल्ट सोडून दुसरे आसन बसवा. ज्यांना हजारो आसने वर्षानुवर्षे वापरायची आहेत त्यांनी सांधे नाहीसे केले नाहीत. सांधे कोठे हवेत ते विचार करून ठरवले आणि ते उघडता येतील असे ठेवले. दीडशे वर्षांपूर्वीच्या दहा स्क्रूंच्या खुर्चीतही हाच विचार होता.

कोणता सांधा ठेवायचा आणि कोणता काढायचा, हे ठरवण्याला आता स्वतंत्र विद्याशाखेचे रूप आले आहे. चार्ल्स आणि रे ईम्स यांच्या १९५८ च्या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. मुंबईच्या आय.आय.टी.त १९६९ साली औद्योगिक डिझाइन केंद्र सुरू झाले. ते उभे करणारे सुधाकर नाडकर्णी हे मुंबईच्या जे.जे. स्कूलमध्ये आणि नंतर जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेत शिकलेले. अहमदाबादच्या संस्थेने १९९७ मध्ये देवकुमार चक्रवर्ती यांचे भारतीयांच्या शरीरमापांवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. खुर्ची युरोपातून आली तशी तिची मापेही आली होती. ती आपल्या अंगाला बसतात का, हे पाहण्यासाठी आपली मापे हाती असणे आवश्यकच होते.

वर्गात करून पाहा

मापाचा हा प्रश्न शिक्षकांच्या रोजच्या कामातला आहे, म्हणून शेवटी तोच घेऊ. मुलांना मोजपट्टी द्या. पाय जमिनीवर सरळ टेकवून बसलेल्या मुलाच्या गुडघ्यामागच्या खळगीची जमिनीपासूनची उंची मोजा. नंतर बाकाच्या बैठकीची उंची मोजा. बैठक खळगीपेक्षा उंच असेल तर पाय लोंबकळतात, मांडीच्या खालच्या बाजूला कड रुतते आणि पायांना मुंग्या येतात. मूल सतत चुळबुळ करते. त्याला आपण ‘लक्ष नाही’ म्हणतो! सगळ्या वर्गाची मापे एका आलेखावर मांडा आणि शाळेतले बाक किती मुलांना बसते ते पाहा. पाचवीच्या आणि दहावीच्या वर्गात एकच बाक असेल तर आलेखच सारे सांगेल.

मग आणखी एक तक्ता करा. शाळेतल्या मोडलेल्या खुर्च्या-बाकांची यादी, कोठे मोडले, सांध्यात की सांध्याबाहेर, आणि दुरुस्त होईल की नाही. गावातल्या सुताराला किंवा वेल्डिंग करणाऱ्याला एक तास वर्गात बोलवा आणि त्याच्याकडून यादी तपासून घ्या. तरफ, ताण, दाब, ओलावा, बहुवारिक हे धडे त्या एका तासात येऊन जातील.

आमच्या मिस्त्रींकडे आम्ही नळीची खुर्ची घ्यायला गेलो, तेव्हा तेथे शाळेची काही बाके ओळीने उलटी ठेवलेली होती. मोडलेली नव्हती. खालच्या वर्गातल्या मुलांचे पाय टेकत नव्हते, म्हणून मुख्याध्यापकांनी ती पाठवली होती. मिस्त्री प्रत्येक पायाची नळी दोन इंच कापत होते आणि टोकाला नवे रबरी बूच बसवत होते. साच्यातून निघालेल्या खुर्चीला हे करता आले नसते.